ऑक्टोबर २०२३ चा ॲनिमे सीझन वेळेवर बघून मराठीत मत लिहायचा प्रयत्न: नोंदी

कशासाठी ठेवल्या ते आधी सांगते. माझं कराडला मेडिकल आहे, सकाळी ९ ते २ आणि संध्याकाळी ५ ते साडेनऊ. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, मी कॉलेजपासून बघते पण कायम संपलेले शो, सलग. या वेळी ठरवलं की एक अख्खा सीझन चालू असतानाच बघायचा आणि दर आठवड्याला आमच्या १४ जणांच्या ग्रुपवर मराठीत मत टाकायचं. ज्यांना असंच काही करायचंय त्यांना माझ्या चुका तरी टाळता येतील म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. वर्षात चार सीझन असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, प्रत्येक साधारण १२-१३ आठवड्यांचा, त्याला कूर म्हणतात, काही शो दोन कूर चालतात. एवढी माहिती पुरे.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

काल अनंत चतुर्दशी झाली, आज ईदची सुट्टी, दुकान अर्धा दिवसच. आणि आजच फ्रीरेन ही मालिका सुरू झाली, एकदम चार एपिसोड, जपानमध्ये दोन तासांचा स्पेशल म्हणून दाखवले. म्हणजे माझा सीझन ऑक्टोबरच्या आधीच चालू झाला आणि माझी यादीसुद्धा तयार नव्हती.

चारही बघितले. पहिल्याच एपिसोडमध्ये राक्षसराजाला मारून परत आलेले चौघं उल्कांचा पाऊस बघतात, तो ५० वर्षांनी एकदा येतो, आणि त्यातली जादूगार फ्रीरेन एल्फ जमातीची आहे, हजार वर्षांहून जास्त जगलेली, ती सहज म्हणते की पुढच्या वेळी याहून चांगल्या जागेवरून दाखवते. ५० वर्षांनी ती खरंच येते तर चौघांतला नायक हिमेल म्हातारा झालेला, टक्कल, पांढरी दाढी. मग तो जातो, आणि त्याच्या अंत्ययात्रेत ती रडायला लागते की मी याच्याबद्दल काहीच जाणून घेतलं नाही, फक्त दहा वर्षांची तर ओळख होती.

रात्री साडेअकराला ग्रुपवर ७ मिनिटांची व्हॉइस नोट टाकली. चौदातल्या दोघांनी ऐकली. चूक नंबर एक, आवाजात टाकलेलं मत कोणी ऐकत नाही, बसमध्ये, ऑफिसात, जेवताना माणूस वाचू शकतो पण ऐकू शकत नाही. इथून पुढे फक्त लिहून.

४ ऑक्टोबर, बुधवार

यादी केली. फ्रीरेन, जुजुत्सु काइसेन (जुलैपासून चालूच आहे, टोकियोतल्या शिबुयात घडणारा भाग), स्पाय एक्स फॅमिलीचा दुसरा सीझन, शांग्रिला फ्रंटियर, डॉक्टर स्टोन, अनडेड अनलक, आणि महिनाअखेरीस येणारं अपॉथेकरी डायरीज. सात. आठवड्याला सात गुणिले २४ मिनिटं, तीन तासांच्या आत काम होईल असं धरलं होतं. ते गणित कसं चुकलं ते पुढे येईलच.

वेळा लावताना बराच गोंधळ झाला. जपानी चॅनेलवाले रात्री उशिराचे शो २५:०० असे लिहितात, म्हणजे मध्यरात्रीनंतर एक. शनिवार २५:०० म्हणजे खरं तर तिकडे रविवारची पहाट, पण आपण साडेतीन तास मागे, त्यामुळे आपल्याकडे ती शनिवारची रात्र साडेनऊच. हे कळायला मला एक संध्याकाळ लागली. मी कंटाळून एका अमेरिकन वेळापत्रकावरून सगळं मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये उतरवून घेतलं, टाइमझोन लॉस एंजेलिसचाच राहू दिला, फोन आपोआप आपली वेळ दाखवतो म्हणून. (ही चूक नोव्हेंबरमध्ये अंगाशी आली.)

फ्रीरेन जपानमध्ये शुक्रवारी रात्री ११ ला, म्हणजे आपल्याकडे साडेसात. स्पाय फॅमिली शनिवारी, तेही साडेसात. नेमकी तीच माझ्या काउंटरवरच्या गर्दीची वेळ, समोर दोन डॉक्टरांची ओपीडी असते. त्यामुळे लागल्या लागल्या बघणं मला शक्यच नाही.

खर्च: एक सबस्क्रिप्शन महिना ७९ रुपये. एक शंभर पानी वही ४५ रुपये.

९ ऑक्टोबर, सोमवार

पहिला आठवडा. काल रविवारी दुपारी तीनला पाच शोंचं एकत्र मत टाकलं, प्रत्येकाला दहापैकी मार्क. तेव्हा चेन्नईत वर्ल्ड कपची ऑस्ट्रेलियाशी मॅच चालू. आपली बॅटिंग आली तर २ रनांत ३ विकेट, ग्रुपवर धडाधड मेसेज, माझा मेसेज कुठच्या कुठे वर गेला.

मार्कांचं पण काही खरं नाही. पाच शोंना मी ८, ८, ७.५, ७, ८ दिले होते. यातून वाचणाऱ्याने काय घ्यायचं? मावसभावाने विचारलं, "ताई, ८ म्हणजे बघू का नको?" बरोबर विचारलं त्याने. मार्क बंद केले. त्याऐवजी तीनच शेरे: आत्ताच बघा, सीझन संपल्यावर सलग बघा, सोडलं तरी चालेल.

डॉक्टर स्टोनबद्दल आधीच चौकशी करायला हवी होती. गुरुवारी १२ तारखेला जे येतंय तो तिसऱ्या सीझनचा दुसरा भाग आहे, आणि मी आधीचं काहीच बघितलेलं नाही. यादीतून काढलं. नवीन सीझन म्हणजे नवीन शो असं नसतं, यादी करताना आधी तेवढं बघून घ्या.

१६ ऑक्टोबर, सोमवार

काल दुकान दुपारी बंद करून आले आणि निवांत लिहायला बसले. सगळ्यांवर थोडं थोडं न लिहिता फक्त फ्रीरेनच्या दुसऱ्या एपिसोडमधल्या फुलाबद्दल लिहिलं. ग्रुपमधला एकजण म्हणत होता की शो फार संथ आहे, त्याला मी दोनदा "नाही रे, खूप छान आहे, खूप खोल आहे" असं लिहिलं होतं आणि त्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. मग असं लिहिलं:

एका गावात हिमेलचा पुतळा आहे, कोणी लक्ष न दिल्याने मळलेला. फ्रीरेन तो साफ करते आणि भोवती फुलं लावायची ठरवते, त्याच्या गावचं निळं फूल, त्याने कधीतरी सांगितलेलं, दाखवेन म्हणालेला. तिच्याकडे फुलांचा मळा उभा करायचा मंत्र आहे, पण जे फूल तिने तपासलेलंच नाही ते उगवता येत नाही, म्हणून आधी एक तरी खरं सापडायला हवं. आणि ते फूल त्या भागातून कधीच नाहीसं झालंय असं लोक सांगतात. ती महिनोन्‌महिने शोधत राहते. तिची शिष्या फेर्न वैतागते, हिवाळा तोंडावर आलाय. तरी ती शोधते.

एवढंच लिहिलं, शेवट सांगितला नाही. आणि घाईत ग्रुप चुकला. माझ्या ॲनिमेच्या ग्रुपऐवजी "घरचे" वर गेला. घरच्या ग्रुपवर २३ माणसं, सगळे काका-आत्या. डिलीट करणार तेवढ्यात मावशीचा मेसेज आला, "ही फ्रीरेन कोण गं? आणि मिळालं का तिला ते फूल?"

मी डिलीट केलं नाही. योग्य ग्रुपवर पण टाकला, आणि तो संथ म्हणणारा रात्री दुसरा एपिसोड बघून आला. सगळं मिळून ऐंशीएक शब्द असतील. आधीचे ५०० शब्द वाया गेले होते.

अनडेड अनलक आजपासून सोडलं. वाईट आहे म्हणून नव्हे, मला वेळ पुरत नाहीये, आणि अर्धवट लक्ष देऊन बघितलेल्या गोष्टीवर मत देणं मला पटत नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

काल परत रविवार, परत मॅच, धरमशाला, न्यूझीलंड. तेव्हा कुठे वेळापत्रक उघडून बघितलं: २९ ला इंग्लंड, ५ ला दक्षिण आफ्रिका, १२ ला नेदरलँड्स, सगळे रविवार, आणि १९ ला फायनल. म्हणजे मी मत टाकायला नेमका तोच दिवस धरला होता ज्या दिवशी कोणी वाचणार नाही. आजपासून दिवस बदलला, सोमवारी रात्री दहा. दुकान बंद झालेलं असतं, लोक जेवून आडवे झालेले असतात.

गेल्या गुरुवारी गहुंज्याला बांगलादेशची मॅच होती त्याच रात्री जुजुत्सुचा एपिसोड आला, नायक युजी आणि शत्रूकडचा चोसो यांची मारामारी. मी शनिवारी बघितला. त्यातलं एक मला फार आवडलं. चोसो रक्त हवं तसं वळवतो, दगडासारखं घट्ट करून मारतो, आणि युजीला सांगितलं जातं की पाण्यात ते रक्त त्याच्या ताब्यात राहणार नाही, कारण ऑस्मॉटिक प्रेशर. हे मी दुकानात रोज बघते असं नाही पण शिकलेय तर खरी: साध्या पाण्यात लाल पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, म्हणून तर सलाईन ०.९ टक्के मिठाचं असतं, नुसतं पाणी शिरेत देत नाहीत. हे लिहिलं आणि ग्रुपवर पहिल्यांदाच प्रश्न आले, एकदम नऊ. माझ्या कामाचा त्या गोष्टीशी जिथे संबंध येतो तिथे माझं मत दुसऱ्या कोणाकडे मिळणार नाही. ॲनिमेशनवर लिहिणारे खूप आहेत, ते माझ्याहून चांगलं लिहितात.

मावशीला शनिवारी पहिला एपिसोड दाखवला. ती दोन गल्ल्या सोडून राहते, काका गेल्यापासून एकटीच. सबटायटल इंग्लिश. तिला म्हटलं हिंदीतलं दुसरं काही लावू का, तर म्हणे, "हिंदीत नको मला, तूच सांग." मी सबटायटल वाचून लगेच मराठीत सांगायला लागले आणि सगळं विस्कटलं, माझं वाक्य संपेपर्यंत पडद्यावर तिसरंच माणूस बोलत असायचं, सारखं थांबवून मागे न्यावं लागत होतं, २४ मिनिटांच्या एपिसोडला सव्वा तास गेला आणि अंत्ययात्रेच्या ठिकाणी तर मी तीनदा थांबवलं, जिथे एकदाही थांबायला नको होतं. मावशी काही बोलली नाही. पण मला वाईट वाटलं.

३० ऑक्टोबर, सोमवार

हा आठवडा प्लूटो नावाच्या मालिकेने खाल्ला. २६ ला नेटफ्लिक्सवर आठही एपिसोड एकदम आले, एकेक जवळपास तासाचा. मोबाइलवाला प्लॅन १४९ रुपये, फक्त एक महिना घेतला. शनिवार-रविवार मिळून आठ तास बघत बसले, बाकी सगळे शो मागे पडले.

गोष्ट चांगलीच आहे. पहिल्या एपिसोडमध्ये युद्धात लढलेला एक रोबोट एका आंधळ्या म्हाताऱ्या संगीतकाराच्या घरी नोकर म्हणून येतो आणि पियानो शिकायचाय म्हणतो, कारण त्याला परत लढाईवर जायचं नाहीये. त्याच्या अंगरख्याखाली हातांच्या जागी हत्यारंच हत्यारं आहेत. म्हातारा त्याला सुरुवातीला हाकलतो. हा तास मी विसरणार नाही.

पण मी आज आठ एपिसोडांवर ९०० शब्द लिहिले आणि ग्रुपवर कोणीच तो बघितलेला नव्हता. ज्याने बघितलं नाही तो वाचणार नाही, गोष्ट कळेल म्हणून, आणि जो बघेल तो पंधरा दिवसांनी बघेल तेव्हा माझा मेसेज सापडणार नाही. दर आठवड्याच्या शोमध्ये सगळे एकाच ठिकाणी उभे असतात, त्यामुळे बोलणं होतं, एकदम आलेल्यात प्रत्येकजण वेगळ्या पायरीवर. पुढच्या वेळी असा शो आला तर आम्ही ग्रुपवर ठरवून आठवड्याला एकच बघणार.

२ नोव्हेंबर, गुरुवार

अपॉथेकरी डायरीजचे पहिले तीन २१ च्या रात्री आले होते, चौथा गेल्या शनिवारी यायचा तो मी आज दुपारी दुकान बंद असताना बघितला. यावर मला नीट लिहायचंय.

माओमाओ ही औषधं जाणणारी मुलगी, पळवून नेऊन राजवाड्याच्या अंतःपुरात नोकर म्हणून विकलेली. राण्यांची बाळं दगावतायत, लोक म्हणतात शाप आहे. तिला कळतं की कारण तोंडाला लावायची पांढरी पावडर आहे, शिशाची. आपल्याकडे सफेदा म्हणतात तोच प्रकार, रंगात पूर्वी सर्रास असायचा. लहान बाळाच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं, आणि आईच्या गालाला बाळाचं तोंड लागतंच, हे मला कोणी समजावून सांगायला नको. ती कापडाच्या तुकड्यावर इशारा लिहून झुडपाच्या फांदीला बांधून खिडकीशी ठेवते, नाव न सांगता. एक राणी ऐकते आणि तिची मुलगी वाचते. दुसरी ऐकत नाही.

चौथ्यात त्या दुसऱ्या राणीला वाचवायला माओमाओला पाठवतात. ती पेज देते, पातळ, चमच्याने. दासींना पेज म्हणजे गरिबांचं खाणं वाटतं, त्या ताट परत पाठवतात. आणि मग उघड होतं की बंदी असूनही एक दासी गुपचूप तीच पावडर राणीला लावतेय, कारण राणी त्यात सुंदर दिसते. इथे माओमाओचा जो स्फोट होतो ना. मी काउंटरवर रोज अशा बायका बघते ज्या गोरं व्हायची ट्यूब मागतात, स्टेरॉइडवाली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, आणि नाही म्हटलं की रागावून दुसऱ्या दुकानात जातात. लेकीला लावायला मागतात. माओमाओ त्या दासीला झोंबते तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

शेरा: आत्ताच बघा. एकच गोष्ट लिहिली नाही ती म्हणजे शिशाच्या विषबाधेवर पेज हा इलाज नाही, आज अंगातलं शिसं बाहेर काढायची वेगळी औषधं दवाखान्यात देतात. नंतर ती ओळ वाढवली. मी फार्मासिस्ट आहे, माझ्या मेसेजवरून कोणी पेज पाजत बसायला नको.

११ नोव्हेंबर, शनिवार

या आठवड्यात दोन घोटाळे.

एक. ५ तारखेला अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतली. माझं कॅलेंडर लॉस एंजेलिसच्या वेळेवर लावलेलं, त्यामुळे गुरुवारपासून सगळे गजर आपल्याकडे एक तास उशिरा. जपानमध्ये घड्याळ बदलत नाही, आपल्याकडेही नाही, दोघांमधलं अंतर बारा महिने साडेतीन तास. म्हणजे अमेरिका मध्ये आणायची काही गरजच नव्हती. सगळ्या नोंदी पुसून परत टोकियोच्या वेळेवर लावल्या, पाऊण तास गेला. हे पहिल्या दिवशीच करा.

दोन. काल धनत्रयोदशी. दुकानात धन्वंतरीची पूजा असते, आम्ही काउंटरवर फोटो मांडतो, धणे-गूळ, शेजारचे डॉक्टर येतात. आरती चालू असताना फोन वाजत होता. नंतर बघते तर ग्रुपवर फ्रीरेनच्या दहाव्या एपिसोडचं स्टिकर, फ्रीरेनची शत्रू ऑरा हिचं, तलवार स्वतःच्याच मानेशी. म्हणजे पेपर फुटला. मी, आणि अजून सहाजण ज्यांनी बघितलं नव्हतं, सगळ्यांचा.

वाईट याचं वाटलं की तो एपिसोड पूर्ण त्या एका क्षणासाठी रचलेला आहे. ऑराचा तराजू दोघांची जादू तोलतो, ज्याची कमी तो गुलाम. फ्रीरेनची जादू एवढीशी दिसते. आणि मागे तिची गुरू फ्लामे तिला लहानपणी शिकवतेय की तुझी शक्ती लपव, आयुष्यभर लपव, एक दिवसही सोडू नकोस. तराजू हळूहळू झुकतो. तो कुणीकडे झुकणार हे माहीत असताना बघितलं तरी अंगावर काटा आला, पण मला माहीत नसताना बघायचं होतं.

टाकणाऱ्याला फोन केला, भांडले नाही, तो लगेच सॉरी म्हणाला, त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. नियम ठरला: सोमवारी रात्री दहापर्यंत स्टिकर, फोटो, मीम काही नाही. आणि माझ्या मेसेजमध्ये पहिल्या ओळीत फक्त शोचं नाव आणि एपिसोड नंबर, मग एकेका ओळीवर एकेक टिंब असं लांबलचक, मग मजकूर. लांब मेसेज व्हॉट्सॲप अर्धवट दाखवतं, पुढचं ज्याला वाचायचंय तोच उघडतो.

१४ नोव्हेंबर, मंगळवार, पाडवा

मावशीसाठीची पद्धत बसली. आता मी एपिसोड आधी एकटी बघते, वहीत फक्त महत्त्वाची वाक्यं मराठीत लिहून ठेवते, एका एपिसोडला साधारण ३५-४० वाक्यं. मग तिच्याबरोबर बघताना सगळं सांगत नाही. जिथे चेहऱ्यावरून कळतं तिथे गप्प. मारामारीत गप्प. आता २४ मिनिटांचा एपिसोड ३० मिनिटांत होतो. आधीची तयारी धरून मला दीड तास, पण चालेल. रविवारी दुपारी दोन, कधी एखादा मधल्या वारी.

या वहीचा दुसरा फायदा लक्षात आला नव्हता. मराठीत लिहिताना वाक्य नीट समजावंच लागतं. आणि नावं, ती पण. मराठीत "चमचा"मधला च आहे ना, जपानीत त्याच्या जवळचा उच्चार आहे, इंग्लिशमध्ये दोन अक्षरं जोडून लिहितात आणि आपण त्सु लिहितो. मावशी जुजुत्सु एकदम बरोबर म्हणते, मी आजवर इंग्लिश वाचून चुकीचं म्हणत होते.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी फायनल हरलो. काल रात्री दहाला ग्रुपवर टाकू का नको असं झालं, सगळे गप्प. शेवटी फक्त स्पाय फॅमिलीवर चार ओळी टाकल्या. सध्या जहाजावरची गोष्ट चालू आहे, योर एका बाई आणि बाळाला मारेकऱ्यांपासून वाचवतेय आणि त्याच जहाजावर तिचा नवरा लॉइड आणि मन वाचणारी मुलगी आन्या लॉटरीत लागलेल्या सहलीला आलेत, लॉइडला काही पत्ता नाही, आन्याला सगळं माहीत. मावसभाऊ म्हणाला हेच हवं होतं आज. वाचणाऱ्यांचा दिवस कसा गेलाय ते बघून काय टाकायचं ते ठरवावं, नियम आपणच केलेला असतो.

जुजुत्सुबद्दल एक दुरुस्ती. १६ तारखेच्या एपिसोडवर मी मसुद्यात लिहिलं होतं की काही ठिकाणी चित्रं कच्ची वाटतात, घाई केलीय. मग कळलं की यावर काम करणाऱ्या काही ॲनिमेटरांनीच उघडपणे लिहिलंय की वेळ अजिबात मिळालेला नाही. मी "घाई केलीय" असं लिहिणार होते जणू त्यांनी आपण होऊन केली. ते वाक्य काढलं. जे दिसलं ते लिहायचं, पण दोष कोणाचा ते माहीत नसताना कोणाच्या माथी मारायचं नाही.

पण बाकी मत बदललं नाही, बदलायचं पण नव्हतं. मी बघून झाल्यावर आधी वहीत माझं लिहिते आणि मगच दुसऱ्यांचं वाचते. ऑक्टोबरात उलटं करत होते, तेव्हाची माझी पानं आता वाचली तर त्यात माझं एक वाक्य नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

जुजुत्सुमधला नानामी गेला. गुरुवारचा एपिसोड. अर्धं अंग भाजलेलं, आणि त्याच्या डोक्यात मलेशिया, क्वांतान, समुद्रकिनाऱ्यावर घर बांधायचं, घेऊन ठेवलेली आणि कधीच न वाचलेली पुस्तकं एकेक करून वाचायची. आज फक्त हे तीन ओळींत टाकलं, शेरा दिला नाही. कोणी मागितला पण नाही.

शांग्रिला फ्रंटियर रविवारी दुपारी दीडला येतं, माझं दुकान दोनला बंद होतं, वेळ अगदी सोयीची, तरी तीन आठवडे मागे आहे. शेरा: सलग बघा.

११ डिसेंबर, सोमवार

आता यादी चारच: फ्रीरेन, अपॉथेकरी, जुजुत्सु, स्पाय फॅमिली. चार म्हणजे बघायला दीड-पावणेदोन तास, लिहायला दोन तास, मावशीबरोबर वेगळे. दुकान सांभाळून यापेक्षा जास्त होत नाही.

फ्रीरेनचा चौदावा. हिमेलने एकदा तिला दुकानात म्हटलं, आवडेल ते घे, आणि तिने सहज एक अंगठी उचलली, कमळासारख्या फुलाची नक्षी असलेली. त्या फुलाचा अर्थ कायमचं प्रेम असा आहे, हे तिला माहीत नाही. त्याला माहीत आहे. तो गुडघ्यावर बसून तिच्या बोटात घालतो. पुढे आयुष्यभर त्याने तो विषय काढला नाही. आता कित्येक वर्षांनी ती अंगठी हरवते आणि ती शोधत बसते.

मी वहीत या जागी एकही वाक्य लिहिलं नव्हतं, मुद्दाम. मावशीला कळलं. म्हणाली, "बोलला का नाही गं तो?" मी म्हटलं माहीत नाही. नंतर चहा होईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो, तिचं म्हणणं की त्याला ठाऊक होतं हिला वेळ लागणार, आणि त्याच्याकडे तेवढा वेळ नव्हता. हे मी तिच्या परवानगीने तिच्या नावाने ग्रुपवर टाकलं. या सीझनमध्ये सगळ्यात जास्त उत्तरं त्या मेसेजला आली.

२४ डिसेंबर, रविवार

हिशोब. सबस्क्रिप्शन तीन महिने २३७, प्लूटोसाठी १४९, वही ४५, एकूण ४३१ रुपये. वही संपली, दुसरी आणली. सात शो धरले, चार राहिले. जुजुत्सुचा शेवटचा २८ ला. स्पाय फॅमिली काल संपलं. फ्रीरेन आणि अपॉथेकरी दोन्ही पुढच्या कूरमध्ये चालू राहणार.

आज दुपारी मावशीबरोबर फ्रीरेनचा सोळावा बघितला. एक म्हातारा बुटका योद्धा आहे, फोल, ४०० वर्षं एका गावाची राखण करतोय कारण त्याच्या बायकोचं ते गाव, तिला शब्द दिलेला. तो फ्रीरेनला सांगतो की आता मला तिचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही, बघायची कशी ते आठवत नाही, तरी मी गाव राखतोय. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, नीट सांगितलं. एपिसोडच्या शेवटी तो सांगतो की स्वप्नात ती आली होती, सगळं आठवलं.

मावशीने मला थांबवायला सांगितलं. पहिल्यांदाच तिने स्वतःहून सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाली, "चेहरा फोटोत असतो. आवाज आधी जातो." मग उठून कपाटातून काकांचा जुना फोन काढून आणला, बटणांचा, बंद पडलेला, त्यात त्यांचं काहीतरी रेकॉर्ड केलेलं आहे म्हणाली, नातवाच्या बारशाचं, चार्जर नाही म्हणून कधी लावला नाही.

पातळ पिनचा जुना चार्जर लागेल. दुकानासमोरच्या मोबाइलवाल्याकडे उद्या सकाळी विचारते. सतरावा एपिसोड ५ जानेवारीला, गजर टोकियोच्या वेळेवर लावलाय, मावशीबरोबर ७ ला दुपारी.